हेइलाला आत्याने मागून घेतलेला फोन

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज आता बारीक झाला आहे, लांबून ऐकू यायचा नाही. एका आत्याची आणि तिच्या भाच्याची गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र नाही म्हणू नका.

मी एक जुना मोबाइल फोन आहे. एका कोपऱ्यावर काच तडकलेली, पाठ फुगलेली. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही, पण टोंगाच्या वावाऊ बेटावर कसा आलो ते पक्कं आठवतं. माझा मालक फेलेती, त्याच्या मेहुण्याने ऑकलंडहून एक मोठं पिंप धाडलं होतं. त्यात जुने कपडे, डब्यातलं मांस, साबणाच्या वड्या, आणि एका मोज्यात गुंडाळलेला मी. फेलेतीने मोजा झटकला तसा मी त्याच्या पायावर आपटलो. तो ओरडला, मग हसला आणि मला उचलून स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. देवाने चांगल्या हातात टाकलं, असं मी तेव्हाच मनाशी म्हटलं.

फेलेती व्हॅनिला पिकवायचा. हे काम उतावळ्याचं नव्हे. एकेक फूल सकाळी हाताने फळवायचं, शेंग धरली की महिनोन्‌महिने तिच्याकडे नुसतं बघत राहायचं, आणि उतरवल्यावरही उन्हात घालून, घोंगडीत गुंडाळून, पुन्हा उन्हात घालून तिचा वास सुटेपर्यंत दम धरायचा. मी त्याच्या खिशात असायचो. चर्चमधल्या गाण्यांच्या तालमीला तो मला पुढ्यात ठेवायचा आणि सगळ्यांचे सूर माझ्यात साठवून घ्यायचा. ते सूर अजून माझ्यात आहेत. एवढी श्रीमंती किती यंत्रांच्या वाट्याला येते?

घरात टोचणी एकच होती, पाण्याची. विहिरीचं पाणी खारट झालं होतं. फेलेतीची बायको सिआले चर्चच्या टाकीवरून बादल्या भरून आणायची. एकदा ओल्या पायरीवर घसरली आणि तिची कंबर जी धरली ती धरलीच. तरी बादली काही सुटली नाही. आपल्या पत्र्याच्या छपराखाली पावसाचं पाणी धरायला आपली स्वतःची टाकी बसवायची, हा फेलेतीचा ध्यास होता. पण पैसा साठायचा कुठे? आमच्याकडे नातलगाने हात पुढे केला की तो रिकामा परतवत नाहीत. कुणाचं लग्न, कुणाची माती, चर्चची वर्षाची मोठी देणगी. डब्यात टाकलेली नोट डब्यात टिकत नसे.

म्हणून त्याने शेंगा विकून आलेले थोडे पांगा, म्हणजे आमच्या टोंगाचे पैसे, माझ्या पोटात ठेवले. क्रिप्टोच्या, म्हणजे फोनवरच्या नाण्यांच्या, बाजारात एक लहानसं खातं उघडलं आणि आपले नियम सिआलेला मोठ्याने बोलून दाखवले. एका सौद्यात खात्याचा लहानसा तुकडाच लावायचा. आधी आखलेल्या रेषेखाली भाव गेला की तोटा सोसून मोकळं व्हायचं. आणि रविवारी मला बंद ठेवायचं.

आमच्या बेटावर रविवारी दुकान उघडत नाही, होडी सुटत नाही, कुणी कुदळीला हात लावत नाही. त्या बाजाराला मात्र रविवार ठाऊकच नाही. शेजारच्या मोसेसेला याचं फार हसू यायचं. कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं पेय, प्यायला मंडळी जमली की तो सुरू व्हायचा.

"काय रे फेलेती, तुझं खातं गोगलगायीवर बसून निघालंय का?"

"निघालंय ना? तुझं तर म्हणे उडालं."

"उडालं कसलं! जरा खाली उतरलंय."

"कुठवर? समुद्राच्या तळापर्यंत?"

मंडळी मांडीवर थापा मारून हसायची. गोगलगायीची चाल का असेना, खातं वाढत होतं. दोन पावलं पुढे जाई, एक मागे येई, कधी महिनाभर जागचं हलत नसे. फेलेती शेंगांसारखंच त्याच्याकडेही निवांत बघायचा. आणि रविवारी मी शांत निजायचो.

मग एका शनिवारी एक नाणं चढायला लागलं. मोसेसे धावत आला, म्हणाला, "मी सगळं लावलंय बघ!" त्या दिवशी फेलेतीने मला बंद केलं नाही. रविवारी आमच्या चर्चच्या पोशाखातली चटई कमरेला गुंडाळताना तिच्या घडीत मला खोचलं आणि तो चर्चला गेला.

मित्रांनो, आमचे पाद्री प्रवचन सांगत नाहीत, गातात. आवाज चढतो, गहिवरतो, पुन्हा खाली येतो, आणि बाकांवरच्या बाया डोळे पुसतात. त्या दिवशी आकाशातून पडणाऱ्या अन्नाची कथा होती. रोज ज्याच्या त्याच्या पोटापुरतं वेचायचं. हावेने जास्त भरून ठेवलं त्यात अळ्या झाल्या. पाद्री असे रंगात आले होते आणि नेमका मी चटईत थरथरलो. भाव आणखी चढल्याची ती सूचना होती. फेलेती हळूच उठला. बाहेर विलायती फणसाच्या झाडाखाली मोसेसे आधीच उभा होता.

"सगळं लाव! सोमवारी टाकी आणायला जाऊ!"

फेलेतीने सगळं लावलं. रेष आखायचीही राहून गेली. परत येऊन तो बाकावर बसला, पण त्याच्या गळ्यातून सूर फुटेना. पुढच्या बाकावरून त्याच्या हेइलाला आत्याने मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच गाणं उचललं.

सोमवारी सकाळपर्यंत ते नाणं कोसळलं होतं. खातं निम्म्यावर आलं. शेंगा घोंगडीतच राहिल्या, उन्हात घालायचीही फेलेतीला शुद्ध नव्हती.

"उरलेलं एकदाच लावतो," तो म्हणाला. "एकदाच. सगळं भरून काढतो."

सिआलेने बादली पालथी घातली आणि कमरेवर हात ठेवून ती तशीच आत्याच्या घराकडे चालू लागली.

हेइलाला आत्या म्हणजे फेलेतीच्या वडिलांची थोरली बहीण. आत्याने मागावं आणि भाच्याने नाही म्हणावं, असं टोंगात अजून घडलेलं नाही. ती दारात आली तसा फेलेती खाली मान घालून बसला.

"फेलेत्या, हातात काय आहे ते?"

"फोन, आत्या."

"दे इकडं."

"आत्या... टाकीचे पैसे आहेत यात."

"मग तर देच."

त्याला कळत होतं, आत्याच्या हातात गेलं ते आत्याचं झालं. तरी त्याने मला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. कुंपणापलीकडून मोसेसे म्हणाला, "गेलं! आता म्हातारी सगळं चर्चला देणार आणि स्वतःचं नाव पुकारून घेणार."

"मोसेस्या, तुझ्या आईला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तोंड मीट."

आठवडाभर मी आत्याच्या घरी खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी पडून होतो. बाजार वर गेला, खाली गेला. मला कुणी हात लावला नाही. शनिवारी तिने फेलेतीला बोलावलं. तो उतरलेल्या तोंडाने येऊन बसला.

"मला त्या नाण्यांतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण तू मला कळतोस. लहानपणी कच्ची पपई ओढून खायचास आणि मग पोट धरून माझ्याच मांडीवर रडायचास. ऐक. हा फोन माझा. यात आहे ते सगळं माझं. तू आपल्या नियमाने वापर. शनिवारी दिवे लागायच्या आत माझ्याकडे आणून द्यायचा, सोमवारी शेंगा उन्हात घातल्या की घेऊन जायचा. सिआलेला पाणी मिळायला हवं, आणि तुला रविवार मिळायला हवा."

फेलेतीने तिच्या पायांशी कपाळ टेकवलं.

गंमत पुढे झाली. एक चुलतभाऊ लग्नासाठी पैसे मागायला आला. फेलेती म्हणाला, "ते आत्याचं आहे रे." तो डोकं खाजवत आत्याकडे गेला आणि रताळ्यांची टोपली घेऊन परत आला. मग दुसरा आला, त्यालाही रताळी. तिसरा आलाच नाही. टोंगात आत्याच्या पैशावर हात टाकायची कुणाची छाती होणार?

खातं पुन्हा गोगलगायीसारखं चालू लागलं. तोटे झालेच, बाजार कुणाचा सगा नसतो. पण एकही तोटा सगळं गिळून गेला नाही. दोन हंगाम उलटले आणि एका सकाळी फेरीबोटीतून हिरवी टाकी धक्क्यावर उतरली.

ट्रकवाल्याने विचारलं, "कुणाच्या घरी न्यायची?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. पैसे आत्याचे, म्हणजे टाकी आत्याची. तिच्या घरी उतरली असती तर कुणाला काही म्हणता आलं नसतं. सिआले मातीकडे बघत उभी होती.

"माझी आहे," आत्या म्हणाली आणि ट्रकमध्ये पुढे चढून बसली. "मी सांगते तिकडं घे."

ट्रक तिच्या घरावरून गेला, थांबला नाही. फेलेतीच्या दारात तो थांबला तशी ती खाली उतरली. टाकीवर थाप मारून म्हणाली, "टाकी माझी. पाणी सिआलेचं." सिआले तिच्या गळ्यात पडली. मोसेसेने न सांगता टाकीला खांदा लावला.

आता फेलेतीकडे नवा फोन आहे. माझ्यात फारसा जीव उरलेला नाही, तरी त्याने मला टाकून दिलेलं नाही; खिडकीत बसवलं आहे. टाकीत पडणारं छपराचं पाणी मला इथून ऐकू येतं आणि मी देवाचे उपकार मानतो. मित्रांनो, तुमच्या हातातल्या यंत्राला थकवा कळत नाही, पण तुम्हाला कळतो. त्यालाही निजू द्या, स्वतःही निजा. झटपट वाढवायचा मोह झाला तर आपले नियम आपल्या माणसाला बोलून दाखवा.

आणि आता माझं मागणं. हेइलाला आत्या गावाच्या स्मशानात पांढऱ्या वाळूखाली विसावली आहे. एखाद्या रविवारी तुम्ही फोन बंद करून बाजूला ठेवाल, तेव्हा क्षणभर तिची आठवण काढा.