भूक नसलेले आईबाबा

मी जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा. कारखान्यात पत्र्यावर दाब बसला आणि मी जन्मलो. पण खरा कामाला लागलो तो एका काच कापणाऱ्या कारागिराच्या घरी आल्यावर. आठ वर्षं मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. हा गडी मला असा चाटूनपुसून साफ करायचा, की घासणाऱ्याला काम उरू नये.

मग एके दिवशी मोठी काच निसटली आणि त्याच्या उजव्या हाताची शीर तुटली. जखम भरली, पण बोटं मिटेनात. काम सुटलं.

त्याची बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मी तिच्या पिशवीतून जाऊ लागलो. दुपारी ती चार घास खायची आणि झाकण लावायची. घरी येऊन म्हणायची, "आज भूकच नव्हती. हे पोरींना वाढा." तो दोघी पोरींना वाढायचा आणि म्हणायचा, "माझं मघाशीच झालं." दोघंही खोटं बोलत होती. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कुणाला?

तो रोज प्रार्थना करायचा, पण देवाशीसुद्धा आडपडद्यानं. "तसं सगळं ठीक आहे, प्रभू. फक्त हात तेवढा बरा कर."

एका रविवारी उपासनेनंतर बाईला थेट कामावर जायचं होतं, म्हणून मीही चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची आहे?" सहा वर्षांची धाकटी टुणकन बाकावर उभी राहिली.

"माझ्या आईबाबांसाठी. त्यांना भूक लागू दे. त्यांना कधीच लागत नाही."

दोनचार जण हसले. मग अर्थ कळून वरमले. बाईनं मला पिशवीसकट छातीशी धरलं. तिच्या काळजाची धडधड माझ्या पत्र्याला जाणवत होती.

बाहेर पाळकसाहेबांनी पोरीच्या बापाला गाठलं. तो पुटपुटला, "लाज वाटते हो. बाप म्हणवतो स्वतःला..."

"माझ्या आजारपणात आमच्याकडे जेवण कोण पोचवायचं?"

"आम्हीच."

"मी नको म्हटलं असतं तर?"

"वाईट वाटलं असतं."

"मग? तेव्हा देव तुझ्या हातानं देत होता, आता दुसऱ्या कुणाच्या हातानं देईल. घे की!"

मागे तसबिरींच्या दुकानाची मालकीण, एक म्हातारी, उभी होती. ती कडाडली, "भल्या माणसा, आधी बोलायला काय झालं होतं? माझे कारागीर निम्म्या काचा फोडतात. माप घ्यायला, शिकवायला माणूस हवाय. हात नको, तुझी नजर हवी."

"डावा हात आहे अजून," तो कसाबसा हसला.

"तो चहा प्यायला ठेव!"

त्या संध्याकाळी बाई नवऱ्याला म्हणाली, "खरं सांगू? मला रोज भूक लागायची." तो म्हणाला, "मलाही." दोघं हसता हसता रडली. पहिला पगार होईपर्यंत चर्चच्या मंडळींकडून तांदूळ, अंडी येत राहिली. सुरुवातीला संकोचानं घेणारा तो हळूहळू मनापासून आभार मानू लागला.

आता मी पुन्हा त्याच्याबरोबर कामाला जातो. बुडाला पोचा आलाय, कडी सैल झालीय, पण दुपारी रिकामा होतो.

आईबाबांनो, घरात भागत नसेल तर तुम्ही हरलात असं समजू नका. देवाला सांगा, अगदी मोकळेपणानं. आणि डोळे उघडलेत की शेजारच्या बाकावरच्या माणसालाही सांगा.