नकाशात नसलेला तारा

माझी धाकटी जाऊ दोन वर्षांत आकाश शिकली. मला वीस लागली. शिकवलं मीच, गच्चीवर शेजारी उभं करून, माझी दुर्बीण तिच्या गळ्यात घालून. आता आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात सगळे तिलाच विचारतात. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखणाऱ्यातली मी नव्हे, असं मला वाटायचं. पण नुसता जळफळाट होतो.

मंगळवारी जेवणं आटोपल्यावर तिनं मला वर बोलावलं. "ताई, हा बघा. नकाशात हा ताराच नाही."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. फिकट हिरवट ठिपका. लगेच ओळखला. युरेनस. छापील नकाशात ग्रह दाखवत नाहीत, कारण ते एका जागी बसत नाहीत. बाकीचे ठळक ग्रह तिला कळतात, पण हा ताऱ्यांच्या गर्दीत लपतो आणि तो मी तिला कधी दाखवलाच नव्हता. एक तरी गोष्ट आपल्याजवळ असावी ना.

एका शब्दाचं काम होतं. पण मनात आलं, पडू दे एकदा तोंडघशी.

"नवीनच दिसतोय," मी म्हणाले. "कळव मंडळाला."

"नक्की ना? तुम्ही म्हणालात की झालं."

रविवारी सभेला चाळीसेक माणसं होती. अध्यक्ष निवृत्त घड्याळजी, भारी काटेकोर. तिचा कागद वाचून ते हसले. "अहो, हा तर युरेनस. नवशिक्यांचं सोडा, पण तुम्ही?"

ते माझ्याकडे बघत होते. सभेत खसखस पिकली. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. शोध लावणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. तिचं खाली, साक्षीदार म्हणून.

जाऊ उभी राहिली. "चूक माझी आहे. ताईंना न विचारता मीच त्यांचं नाव घातलं."

मग खाली बसून हळूच म्हणाली, "रागावू नका. वाटलं, इतकी वर्षं बघताय, एखादा तारा तुमच्या नावावर असावा. शंका असती तर तुम्ही मला अडवलंच असतं, नाही का?"

"हो," मी म्हणाले. तिनं माझा हात हातात घेतला, आणि शरमेनं मला तो सोडवूनही घेता येईना.