अंगावर चामडं नको, पिस्तूल चालेल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, "अजून चालतं का हो?" असं मला विचारू नका. हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. रत्नागिरीच्या सरकारी मालखान्यात एका फळीवर मी पडून असतो. दर दसऱ्याला कुणीतरी नवा फौजदार येतो, मला तळहातावर घेऊन वजन बघतो आणि शिपायाला म्हणतो, "केवढंसं आहे बघ! खिशात ठेवलं तर घरच्या माणसालासुद्धा पत्ता लागायचा नाही. अजून चालत असेल का रे?" मग शस्त्रपूजा म्हणून मला हळदकुंकू लावतात. ते कुंकू थेट नळीत जातं. सांगायचं कुणाला?

माझा जन्म बेल्जियममधल्या एका कारखान्यात झाला, जर्मनीच्या लढाईच्या आधी. मुठीत झाकला जाईन एवढाच माझा आकार. लपवून बाळगण्यासाठीच मला घडवलं होतं आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. बोटीत बसून मुंबईला आलो, दुकानातल्या काचेच्या कपाटात मखमलीवर बसलो. तिथून मला तात्यांनी उचललं.

तात्या म्हणजे पूर्णगडाच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले आंबा बागायतदार. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या बोटीनं मुंबईला न्यायचे आणि येताना पैशाची पिशवी पोटाशी बांधून यायचे. वाटेत कुणी गाठलं तर काय, म्हणून रीतसर परवाना काढून त्यांनी मला घेतलं. मी चामड्याच्या पाकिटात आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. गोळ्या मात्र दुसरीकडे, पानसुपारीच्या चंचीत.

"अहो तात्या, चोर समोर आला तर चंची सोडत बसणार काय?" लोक विचारायचे.

"चोर आला तर पिशवी देऊन टाकीन," तात्या म्हणायचे. "माझा जीव काय आंब्याच्या पेटीतनं आलेला नाय."

मग मला घेतलं कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. धीराला असावं. त्यांनी मला चालवलं ते एकदाच, हौसेनं, परसातल्या नारळावर नेम धरून. नारळ जागच्या जागी राहिला आणि दगडी गडग्यापलीकडं थोरल्या भावाच्या गोठ्याचं कौल फुटलं. थोरला भाऊ धावत बाहेर आला, फुटलेलं कौल बघितलं, आणि मग दोघे भाऊ पोट धरधरून हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तेवढाच एक चांगला दिवस.

पुढं माझी निगा कशी राखली गेली ते ऐका. मुंबईहून आणलेलं तेल संपलं तेव्हा घरात खोबरेल होतंच. "तेल ते तेल," म्हणून मला खोबरेल चोपडलं. थंडीत ते आतल्या आत थिजायचं आणि उन्हाळ्यात त्याला वास मारायचा. खाऱ्या वाऱ्यानं आतून गंज धरला. चाप चुकून सुटू नये म्हणून माझ्या अंगाला एक खटका असतो. तो झिजून इतका सैल झाला की फुंकर मारली तरी हलेल. पण वरून मी चकाचक! वर पुसायला फडकं, आत बघायला कुणी नाही. बोंबलून सांगावं तर मला एकच बोलता येतं, आणि ते बोललो की अनर्थ.

तात्या गेले. त्यांचा मुलगा भास्कर ह्याच्या नावावर परवाना झाला आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

भास्कर तसा वाईट नव्हता हो. कलमांवर जीव लावणारा, गडीमाणसांना सांभाळणारा. पण भित्रा! पाचोळा वाजला तरी दचकायचा. त्यात गावात भांडण उभं राहिलं ते पालखीचं. आमच्या गावची रीत अशी की शिमग्यात ग्रामदेवीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, येते आणि मानकरी ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पुढच्या दांड्याचा उजवा खांदा म्हणजे पहिला मान. तो आमच्या घराण्याचा. थोरल्या भावानं हौसेनं तो तात्यांना दिला होता. आता दोघेही भाऊ गेले, तेव्हा उजवा खांदा कुणाचा? भास्कर म्हणे माझ्या बापाचा. थोरल्याचा मुलगा दत्तू म्हणे, दिलेला मान परत थोरल्या घरी यायला हवा.

झालं! एका गडग्याच्या दोन बाजूंना राहणारी माणसं, एकमेकांशी बोलेनाशी झाली. हाल झाले ते बायकांचे. भास्करची बायको कुसुम आणि दत्तूची बायको हेमा ह्या सख्ख्या बहिणी. नवऱ्यांच्या नकळत त्या विहिरीवर भेटायच्या आणि तिथंच काय ते सुखदुःख बोलून घ्यायच्या.

गावकी बसली. उजवा खांदा दत्तूला आणि डावा भास्करला, असा निवाडा झाला. भास्कर तणतणला, तसा दत्तू सगळ्या गावासमोर ओरडला, "जास्त बोललास तर खांदाच काढून ठेवीन तुझा!" दत्तू मुलखाचा तापट. रागात काहीही बोलायचा आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचा. पण भास्करनं ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या कमरेला.

तेवढ्यात शिमग्याला मुंबईहून बाळा आला, भास्करचा मित्र. कुठल्याशा पेढीवर कारकून, पण बोलणं असं की जणू पलटणीतून आलाय. त्यानं मला उलटंसुलटं केलं, डोळ्याशी धरलं. "अरे, हे म्हणजे म्हातारं झालं. गोळी केवढी, करंगळीच्या पेराएवढी! आता मुंबईत ह्याहून भारी मिळतात. पण लपवायला झकास आहे हो. असू दे. फक्त एक कर, गोळी नळीत भरूनच ठेव. वेळेला ओढाओढ करायला सवड कुठं मिळते?"

मी आतल्या आत ओरडत होतो, "अरे शहाण्या, आधी माझा खटका बघ!" कोण ऐकतंय? दोघं तासभर वाद घालत बसले. जुनं बरं की नवं, खिशात बरं की कमरेला, उजवीकडे की डावीकडे. हे कुणासाठी, हा एक प्रश्न मात्र दोघांपैकी एकालाही सुचला नाही. शेवटी भास्करनं नळीत गोळी चढवली. माझे हातपाय असते तर मी पळून गेलो असतो.

पालखीच्या दिवशी दुपारी सहाणेवर ढोल वाजायला लागले. भास्कर देवळामागं कुसुमला घेऊन गेला आणि कमरेचं चामडी पाकीट सोडून तिच्या हातात दिलं.

"हे धर गो. देवीला खांदा द्यायचाय, अंगावर चामडं नको."

"आणि आतलं?" कुसुमनं विचारलं. पाकीट हलकं लागलं होतं तिला.

"ते लोखंड. लोखंडाला विटाळ नसतो."

ऐकलंत, मित्रांनो? चामड्यानं देवी बाटते, पण भरलेलं पिस्तूल तिला चालतं! मी हात टेकले. चामड्याचं ते जाड पाकीट, तेवढाच काय तो मला आधार होता. चापावर काही लागू द्यायचं नाही ते. आता मी उघडाच धोतराच्या निऱ्यांत खोचलेला, वर उपरणं.

"अहो, भरलेलं आहे ते!" कुसुम रडकुंडीला आली. "दत्तूभावोजी माझ्या ताईचे यजमान आहेत. त्यांना काही झालं तर मी ताईला तोंड कसं दाखवू? काढा ते, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ!"

"मी कुठं मारायला निघालोय? नुसतं असू दे जवळ."

नुसतं असू दे जवळ! ह्या वाक्यावर माझा जितका राग आहे तितका गंजावर नाही.

पालखी उठली. उजवीकडे दत्तू, डावीकडे भास्कर, खांद्याला खांदा घासत, पण एकमेकांकडे बघायचं नाही. ढोलकरी गंगारामनं असा ठेका धरला की म्हाताऱ्यांचेही पाय हलू लागले. पालखी नाचायला लागली. पुढं, मागं, बसून, उठून. मी निऱ्यांतून सरकलो. खटका केव्हाच हलला होता. भास्कर गुडघ्यात वाकला, कापडाचा पीळ चापात अडकला, आणि मी बोललो.

भास्कर कोसळला. मांडीतून रक्ताची धार लागली. आणि तेव्हा दत्तूनं काय करावं? पालखी जमिनीला टेकू द्यायची नाही, हा गावचा कडक नेम. डावा खांदा पडला होता, सगळा दांडा आता एकट्या दत्तूचा. ज्या मानासाठी वर्षभर भांडला तो अख्खा त्याच्या खांद्यावर आला होता. त्यानं तो टाकला. सरळ अंग काढून घेतलं आणि भास्करवर झेप घेतली. पालखी कलंडली. गंगारामनं गळ्यातला ढोल भिरकावून खांदा घातला म्हणून देवी वर राहिली.

दत्तूनं त्याचं धोतर सोडून जखम शोधली, मी हाताला लागलो तसा मला उपसून बाजूला धरलं. नेमकं तेच लोकांनी बघितलं. भास्कर रक्तात आणि दत्तूच्या हातात पिस्तूल!

"दत्तूनं गोळी घातली! खांदा काढीन म्हणाला होता!"

पोलीस पाटील विठूनं येऊन त्याचं मनगट पकडलं. "अरे मी नाय, ह्याच्याच कमरेला होतं!" दत्तू ओरडत होता, आणि दुसऱ्या हातानं भास्करची मांडी दाबून धरत होता. कोण विश्वास ठेवणार? माझ्यासारख्या लपवायच्या वस्तूची हीच तर खुबी, तात्यांबरोबर लोक मलाही विसरले होते आणि मी भास्करच्या कमरेला आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळाला ठाऊक होतं, तो गर्दीत कुठं विरघळला देव जाणे. हेमा धावत आली आणि नवऱ्याचं मनगट विठूच्या हातातून सोडवू लागली.

भास्कर शुद्धीवर होता. मी बघत होतो. त्यानं एकच शब्द बोलला असता तरी पुरे होतं, "माझं." त्यानं दत्तूकडं बघितलं, जमलेल्या गावाकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मित्रांनो, मी निर्जीव वस्तू, पण मला लाज वाटली.

तेव्हा कुसुम पुढं आली. डोक्यावरचा पदर खाली पडला होता, त्याचंही तिला भान नव्हतं. हातातलं चामडी पाकीट तिनं विठूसमोर धरलं.

"सोडा त्यांना. पिस्तूल आमचं आहे. घालून बघा ह्यात. ह्यांनीच कमरेला लावलं होतं, भरून. मी नको नको म्हणत होते."

विठूनं मला पाकिटात सरकवलं. मी त्यात गपकन बसलो. विठूनं दत्तूचं मनगट सोडलं.

दत्तू खाली भास्करकडं बघत राहिला. "माझ्यासाठी भरून आणलंस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि दत्तूच्या आवाजात राग नाही हे गावानं पहिल्यांदाच ऐकलं. दत्तूनं स्वतःचं उपरणं फाडलं, मांडीवर गच्च आवळलं आणि म्हणाला, "धाकूला मचवा काढायला सांगा. वारा आहे तोवर रत्नागिरी गाठू."

मचव्यात भास्करचं डोकं दत्तूच्या मांडीवर होतं. मी विठूच्या पिशवीत होतो. सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी गोळी काढली. जीव वाचला, पाय मात्र कायमचा लंगडा झाला. धोका टळल्याचं कळेपर्यंत दत्तू व्हरांड्यात बसून होता. मग उठला आणि भास्करला न भेटताच निघून गेला.

माझी रवानगी इथं मालखान्यात झाली. परवान्याचं काय करायचं हे ठरवायला साहेबांनी भास्करला बोलावलं, तेव्हा तो काठी टेकत आला. साहेब भले माणूस. मला हातात घेऊन म्हणाले, "खटका नवा बसवला तर जुनं असलं तरी अजून कामाचं आहे. जवळ बाळगायला सुटसुटीत. परत हवंय का?"

"नको साहेब."

"का? ज्याची भीती होती तो आता त्रास देत नाही?"

"त्यानं मान सोडला, साहेब. म्हणाला, दोन्ही खांदे तुझ्याच घरात ठेव." भास्करनं काठीकडं बोट दाखवलं. "मला आता पालखी उचलत नाय. बायका विहिरीवर भेटतात अजून. तो भेटत नाय. मी तीनदा त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. आतून कडी आहे."

साहेबांनी मान हलवली आणि मला फळीवर ठेवून दिलं.

तर मित्रांनो, इतर वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला पुसा, तेल घाला. छत्रीनं म्हणावं, सायकलीनं म्हणावं, त्यांना शोभतं. मी तसं म्हणणार नाही. आणि जुनं टाकून नवं घ्या, असं तर मुळीच म्हणणार नाही. नव्याचा खटका घट्ट असेल, गोळी मोठी असेल, पण कमरेला लावताना भास्करच्या मनात होतं तेच त्याच्याही मालकाच्या मनात असेल. एवढा जीव लावून काही सांभाळायचंच असेल तर शेजारच्या माणसाशी चाललेलं बोलणं सांभाळा. तो ओरडला तर तुम्हीही ओरडा, दोन दिवस रुसा, पण तिसऱ्या दिवशी जाऊन त्याच्या ओटीवर बसा.

आणि पुढच्या दसऱ्याला कुणी तेलाची बाटली घेऊन माझ्याकडं आला, तर त्याचा हात धरा. मला गंजू द्या.