देवपाखराचं चुकलेलं वळण

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात बसलेल्या शेकडो माणसांच्या माना एकदम वर झाल्या. छपरामागून ते आलं होतं. पांढरंशुभ्र, ऐसपैस पंखांचं, पंख न हलवता तरंगणारं देवपाखरू.

"टाळ्या नकोत," व्यासपीठावरून पाखरूबाबा माइकमध्ये कुजबुजले. "टाळ्यांनी ते बुजतं. त्याला फक्त निर्मळ मनाची हाक ऐकू येते. ज्याच्या डोक्यावर ते घिरटी घालेल, त्याचा आजार पंखांवर उचलून नेईल. कुठं नेईल? विचारू नका. मीही विचारत नाही. मी कोण? मी नुसता दरवाजा."

हा नुसता दरवाजा मखमली गादीवर बसला होता आणि त्याला दोन माणसं वारा घालत होती.

पाखराने एका दमेकऱ्याच्या डोक्यावर घिरटी घातली. तो रडला, त्याची बायको रडली. सेवकांनी त्याला धरून व्यासपीठाजवळच्या पत्र्याच्या पिंपाशी नेलं. "संशय टाकून दे, बाळ," बाबा म्हणाले. त्याने खिशातला दम्याचा पंप काढला आणि पिंपात टाकला. टाकतानासुद्धा त्याला धाप लागली होती. मी वाकून पिंपात पाहिलं. गोळ्यांची पाकिटं, डोळ्यांत घालायचे थेंब, कुणा लहानग्याची औषधाची बाटली, तिला रबराने बांधलेला चमचा.

मी जिच्यासोबत आलो होतो ती माझी थोरली बहीण, अक्का, पुढच्याच रांगेत होती. तिची साखर वाढलेली, पायाला न भरणारी जखम.

"पुढच्या बैठकीला माझी पाळी आहे," ती म्हणाली. "मग ते इन्सुलिनही पिंपात. रोज पोटाला टोचून घ्यायचा वीट आलाय रे."

"अक्का, इन्सुलिन सोडलंस तर आधी पाय जाईल आणि मग तू. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"तू मला सांगतोस? कीर्तन म्हटलं की दुकान नोकरावर टाकून पळणारा तू. तुला देव चालतो, मला चमत्कार चालत नाही?"

माझं कीर्तनाचं वेड खरंच आहे, आणि म्हणूनच मला त्या बैठकीतलं गाणं खटकत होतं. चांगल्या कीर्तनात आवाज चढतो तो अर्थ चढतो म्हणून. इथे ओळ अर्धी, शब्द अर्धा, आणि एकाएकी झांजांचा कल्लोळ व्हायचा. त्या वेळी वर पाहिलं तर दर खेपेला पाखरू उंची घेत असायचं. ते तरंगायला लागलं की झांजा थांबायच्या आणि बाबा कुजबुजायला लागायचे.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांना खटकली. मी चष्म्यांचं दुकान चालवतो आणि सुटीच्या दिवशी सकाळी माळावरच्या क्लबात रेडिओने उडणारी छोटी विमानं उडवायला शिकतो. शिकतो म्हणजे बहुधा पाडतो. विमान आपल्यापासून दूर जात असलं की सगळं सोपं असतं. हातातल्या पेटीवरची काठी डावीकडे ढकलली की ते आपल्या डावीकडे वळतं. पण ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की सगळं उलटं होतं. नवशिक्या नेमका तिथे चुकतो. झुकलेला पंख सावरायला जातो आणि तो आणखी झुकवतो, मग दचकून काठी उलटी ओढतो. आकाशात एक लाजिरवाणी गिरकी दिसते. ती गिरकी मी झोपेतही ओळखेन, कारण ती माझीच आहे.

देवपाखराने तीच गिरकी खाल्ली. पुन्हा खाल्ली. आणि दर वेळी गिरणीच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून येतानाच. बाबांकडे येताना कधीच नाही.

क्लबात आम्हाला दातांच्या एक डॉक्टरीणबाई शिकवतात. मी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याच मोडक्या पंखाला गोंद लावत होत्या.

"म्हणजे उडवणारा टाकीवर उभा राहतो," त्या म्हणाल्या. "विमान आपल्याकडे येताना माणूस चुकतो, दुसऱ्याकडे जाताना नाही. आणि झांजा मोटारीचा आवाज झाकायला. चढायला मोटार लागते, तरंगायला लागत नाही. चष्मेवाले, कोण असेल ते कळलं का तुम्हाला?"

"कोण?"

"आपला उलटराव."

उलटराव माझ्या आधी क्लबात यायचा. समोरून येणारं विमान सांभाळायला शिकायच्या आतच 'मला आलं सगळं' म्हणून निघून गेला. हे नाव त्याला बाईंनीच ठेवलं होतं.

"मग त्याचा सिग्नल तोडता येईल?" मी विचारलं.

बाईंनी गोंदाची नळी खाली ठेवली. "खाली कोण बसलेलं असेल?"

"अक्का. सगळे आजारी लोक."

"पहिल्या दिवशी काय शिकवलं मी?"

"माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही."

"मग त्यांच्या डोक्यावर पाडायचं कसं? मागं पातं फिरतं त्याच्या, बोट उडवेल असं. आणि हा नालायक ते म्हाताऱ्यांच्या टाळक्यावरून फिरवतो. शी. चला, पुढच्या बैठकीला टाकीवर जाऊ."

बैठकीच्या दिवशी अक्का नवं लुगडं नेसून पुढे बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये इन्सुलिन. झांजा वाजल्या, पाखरू उठलं आणि आम्ही टाकीचा जिना चढलो. कठड्याआड उलटराव उभा होता. गळ्यात पेटी, अंगठे काठ्यांवर, नजर आकाशात. आमची पावलं ऐकून त्याची मान ताठ झाली, पण तो वळला नाही. वळणार कसा आणि पळणार कसा? नजर हलली असती तर विमान लोकांवर पडलं असतं.

"मागं बघू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "नजर विमानावर."

"बाई? बाई, बाबा मला जिवंत सोडणार नाहीत."

"ते नंतर. आधी माणसांवरून बाजूला घ्या. तुमच्याकडे येतंय ते. कुठला पंख झुकलाय?"

"डावा... नाही, उजवा..."

"डावा-उजवा सोडा. ज्या बाजूला पंख झुकलेला दिसतोय, त्या बाजूला काठी सरकवा. टेकू दिल्यासारखी. हं."

पंख सावरला. विमानाने गिरकी खाल्लीच नाही.

"आता पेटी माझ्याकडे."

त्याने ती दिली. क्लबात द्यायचा तशीच, मुकाट.

खाली बाबांची तारांबळ उडाली. "पाखरू रुसलंय," ते माइकमध्ये सांगत होते. "इथं कुणीतरी मनात विष घेऊन बसलंय." तोवर बाईंनी विमान गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात अलगद उतरवलं. मी धावत जाऊन आधी त्याचं पातं काढलं आणि पाखरू आणून अक्काच्या मांडीवर ठेवलं. थर्माकोल, गोंदाने चिकटवलेली पिसं, पोटात बॅटरी.

बाबा डगमगले नाहीत. "संशयी हात लागला की प्राण निघून जातो," ते म्हणाले. "ही नुसती कुडी राहिली." आणि खरं सांगतो, कित्येकांनी माना डोलावल्या. बाबांच्या थापेपेक्षा त्या मानांची मला जास्त किळस आली.

तेवढ्यात बाई उलटरावाला घेऊन आल्या. त्यांनी पेटी अक्काच्या हातात दिली. "अंगठा इथं ठेवा. ढकला."

पंखाच्या कडेची पट्टी वर झाली. अक्काने अंगठा उलटा नेला. पट्टी खाली गेली. तिने पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. मग व्यासपीठाकडे पाहिलं.

"बाबा, प्राण गेला म्हणता. मग हे माझ्या अंगठ्याचं कसं ऐकतंय?"

बाबांनी हाताने खूण केली. गायकांनी झांजा बडवल्या. पण झाकायला आता मोटार नव्हती. तो नुसता गोंगाट उरला आणि एकेकाने झांज खाली ठेवली.

त्या शांततेत दमेकऱ्याची बायको उठली. ती एकटीच आली होती. "ते दवाखान्यात आहेत. नळीनं श्वास घेताहेत," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "मी विचारायला आले तर हे बाबा म्हणाले, तुझ्याच मनात संशय होता." ती पिंपाशी गेली आणि हात आत घालून चाचपू लागली. मग बाकीचेही उठले. विरघळलेल्या गोळ्या, पुसलेली नावं, फुटलेल्या बाटल्या. आपलं औषध कुठलं, ते कुणालाच ओळखू येईना. बाबा मागच्या दाराने निघाले होते. उलटरावानेच बोट दाखवलं आणि लोकांनी त्यांना दारातच अडवलं. पोलीस येईपर्यंत ते 'मी नुसता दरवाजा' एवढंच म्हणत होते.

अक्काने पर्स उघडली. "फेकायला आणलं होतं. तूच टोच आता."

त्या पिंपाशेजारीच मी बहिणीला इन्सुलिन दिलं.

मी देव मानणारा माणूस आहे आणि मरेपर्यंत मानीन. म्हणूनच सांगतो. चमत्कार दिसला की नुसतं वर बघू नका. तो उडवणारा कुठून बघत असेल आणि आवाज नेमका कधी वाढतो, याचा विचार करा. आपल्याला समजत नसेल तर ज्याला समजतं त्याला विचारा, त्यात देवाचा काही अपमान होत नाही. आणि ज्या क्षणी कुणी तुम्हाला औषध टाकायला सांगेल, त्या क्षणी तिथून उठा. गाणं कितीही गोड चाललेलं असलं तरी उठा. मीसुद्धा उठतो.