एका पायावरची बाळंतीण

“सायकल चालव गं, मोकळं होईल सगळं,” सुईण ट्रुइडा म्हणाली. “आठव्या महिन्यात कुणाला दुखत नाही?”

हिलियेने सायकल काढली. ग्रोनिंगनकडच्या त्या गावात कुरकुरणाऱ्याला कुणी विचारत नाही. दिवसभर ती बेकरीच्या काउंटरवर उभी असायची, आणि संध्याकाळी डाव्या खुब्यात कळा सोसत सायकल दामटत घरी यायची. गावच्या डॉक्टरने सवयीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितलं. नवऱ्याने, वुबोने, घरच्या बाळंतपणासाठी माडीवरचा पलंग ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता, का, तर वाकून वाकून सुईणीची कंबर धरू नये. हिलियेच्या खुब्याची काळजी मात्र कुणालाच नव्हती.

एके दिवशी काउंटरमागे तिला पाऊलच टेकवेना. तेव्हा कुठे इस्पितळात एमआरआय झाला.

“खुब्याचं हाड विरळ झालंय,” तिथली डॉक्टरीण म्हणाली. “गरोदरपणात क्वचित होतं. काही महिन्यांत आपोआप भरून येतं. तोवर या पायावर भार नाही. मोडलं तर मात्र ऑपरेशन.”

“औषध?”

“कुबड्या. आणि धीर.”

“आणि सायकल?”

“सायकल? कुणी सांगितलं तुम्हाला?”

परतताना गाडीत हिलियेचा भडका उडाला. “इतके दिवस मी घसा फोडून सांगतेय! ज्याला त्याला एकच, होतंच असतं, होतंच असतं!”

“मीपण तेच म्हणालो,” वुबो पुटपुटला. त्यावर भांडायचं तरी काय?

मुलगी इस्पितळात झाली. घरी पलंग खालच्या खोलीत आला. बाळ बघायला शेजारपाजार लोटला, आणि मुलगी झाली म्हणून रिवाजाप्रमाणे बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पेरलेले टोस्ट सासूबाई वाटू लागल्या.

“दिसतेस तर ठणठणीत!” शेजारीण म्हणाली. तिला टोस्टसकट बाहेर काढावं, असं हिलियेला वाटलं.

तेवढ्यात पाळण्यात पोर रडली. हिलिये कुबड्या घेऊन उठली, पाळण्यापाशी पोचली आणि तिथेच अडली. दोन्ही हात कुबड्यांत. एक टाकून द्यावी, पाय टेकवावा, होईल ते होवो! पण हाड मोडलं, तर पोरीला आणखी किती महिने परक्या हातांनीच उचलायचं?

“आई,” तिने सासूला हाक मारली, “घ्या ना तिला.”

सासूबाईंच्या खांद्यावर पोर दोन हुंदके देऊन गप्प झाली.

“बघ, ओळखते हं मला!” सासूबाई हरखल्या.

“हो. डोकं नीट धरा तिचं.” हिलियेने कुबड्यांवर झुकून लोंबकळत्या इवल्या तळपायाला गाल लावला.