छत्रीतला पाऊस

"अहो बाबा, पाऊस छत्रीच्या आत पडतोय!" मुलगी इतक्या जोरात हसली, की रेघसरांनी आधी उठून खिडकी लावून घेतली.

टेबलावर प्रवेश परीक्षेची नवी नमुना प्रश्नपत्रिका होती. तिच्यातलं व्यंगचित्र मात्र जुनंच. एका धिप्पाड पुढाऱ्याने भलीमोठी छत्री धरली आहे, खाली माणसं दाटीवाटीने उभी आहेत. बाहेर लख्ख ऊन आणि छत्रीखाली धो धो पाऊस. कित्येक वर्षं रेघसर क्लासमध्ये हेच चित्र शिकवत आले होते. 'रेघ बघा, रेघ!' असं सारखं ओरडत म्हणून पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं, आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. यंदा चित्राबरोबर छापील उत्तर आलं होतं : 'नेता जनतेचे संकटापासून रक्षण करतो.'

"हेच लिहायचं," सर म्हणाले.

"पण दिसतंय काय, आणि लिहायचं काय!"

"दिसू दे. लिहू नकोस."

"मग चित्र तरी कशाला छापतात? नाही हं, माझ्याच्याने नाही व्हायचं. दिसेल ते बेधडक सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं खरं. आईविना वाढलेल्या या पोरीला मांडीवर बसवून त्यांनी गोष्टींच्या पुस्तकाऐवजी पेपरातली व्यंगचित्रं दाखवली होती. आल्यागेल्यापुढे तिचं कौतुक करताना त्यांचं तोंड दुखत नसे. आता त्याच कौतुकाची त्यांना धास्ती वाटत होती. हे चित्र काढणाऱ्याला महिन्यापूर्वी घरातून उचलून नेलं होतं, आणि पेपरात त्याच्या जागी शब्दकोडं येऊ लागलं होतं. शेजारच्या क्लासचे इतिहासाचे सर 'जरा चौकशीला' म्हणून गेले, ते अजून परतले नव्हते. त्यांनी वर्गात या चित्राचा अर्थ तेवढा सांगितला होता.

"माझ्यासाठी लिही," सर शेवटी म्हणाले. ती दप्तर उचलून त्यांच्याआधीच क्लासला निघून गेली.

दुपारी वर्ग भरला. शेवटच्या बाकावर काही दिवसांपासून एक नवा विद्यार्थी बसत असे. वयाने पोरांच्या दुप्पट, बूट चकचकीत, वही कधी उघडायचा नाही. "फी भरलीय त्यांनी, बसू द्या," एवढंच क्लासचे मालक म्हणाले होते, तेही दुसरीकडे बघत.

सरांनी फळ्यावर छत्री काढली. मग घसा खाकरत आपली नेहमीची पद्धत सांगू लागले. आधी मोठा कोण, ते बघा. मग कोणाच्या हातात काय आहे, ते बघा. "आणि शेवटी, सगळे एकीकडे बघत असताना कोण तिकडे बघत नाही, ते शोधा. चित्राचा खरा अर्थ तिथे असतो."

आता छापील उत्तर सांगून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात मागून मऊ आवाज आला.

"उत्तर तुम्ही नका सांगू, सर. या मुलीला सांगू दे. तुमचीच ना ही?"

तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, आणि ते उघडं ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं. ती उभी राहिली. तिने फळ्याकडे पाहिलं, मग सावकाश वळून वर्गाकडे. सगळी पोरं छत्रीकडे बघत होती. शेवटच्या बाकावरचा माणूस तेवढा छत्रीकडे बघत नव्हता. तो सरांकडे बघत होता.

"नेता जनतेचं संकटापासून रक्षण करतो," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. "माणसं छत्रीखाली सुखरूप आहेत."

"आणि पाऊस?"

"पाऊस बाहेर पडतोय."

"बरोबर आहे का हो, सर?"

सरांच्या बोटांतला खडू मोडला. चुकलेल्या उत्तराला त्यांनी आजवर कधी बरोबर म्हटलं नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले. "शाबास."

तो माणूस उठला, बाक नीट सरकवून ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला. पोरगी वाचली होती, तेही वाचले होते, आणि सरांना रडू येत होतं. पुढे काय, म्हणून सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

फक्त ती बघत नव्हती.