गाठीच्या वर

आठ वर्षांनी झाडाला पहिलं फळ धरलं. देवापुढे ठेवायचं असावं तसं ते ओंजळीत घेऊन सून सासऱ्यांपाशी आली.

"मामंजी, आधी तुम्ही."

"माझे दात कुठे राहिलेत? तू चाख आणि सांग."

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या नासपतीला सगळे 'लोणी' म्हणत. साल इतकी नाजूक की बोट टेकलं तरी डाग पडे. व्यापारी थट्टा करायचा, "ही नासपती की नवी नवरी? हात लावला की रुसते!" त्यामुळे आजूबाजूच्या मळ्यांतून ती केव्हाच गेली. उरलं होतं यांचं एकच जुनं झाड. किडीनं त्याचा बुंधा पोखरला, तेव्हा सुनेनं आठ वर्षांपूर्वी त्याच्यापासून केलेलं कलम उभं आहे या भरवशावर सासऱ्यांनीच गेल्या हिवाळ्यात ते तोडलं.

सुनेनं घास घेतला. जीभ तुरट झाली, दाताखाली गर खड्यांसारखा करकरला.

सासऱ्यांना आता नीट दिसत नव्हतं. 'गोड आहे' एवढंच म्हटलं असतं, तर म्हाताऱ्यानं सुखानं डोळे मिटले असते. शब्द ओठांवर आलाही. तिनं तो गिळला.

"ही लोणी नाही, मामंजी. रानटी आहे. चूक माझी."

थंडीनं जाईल या भीतीनं तिनं कलमाच्या गाठीवर, जिथे लोणीची काडी रानटी खुंटाला जोडली होती तिथे, माती चढवली होती. आत कलम वाळलं, खालच्या रानटी खुंटाला धुमारा फुटला, आणि तोच ती लेकरासारखा वाढवत बसली.

सासरे म्हणाले, "कावळीच्या घरट्यात कोकिळा वाढते म्हणतात. आपल्याकडे उलटंच झालं. चल, मला जुन्या बुंध्याकडे ने."

बुंध्याला चार कोंब फुटले होते. सासऱ्यांनी गुडघे टेकून साल चाचपली, जुनी गाठ शोधली. तीन कोंब गाठीच्या खालचे, म्हणजे रानटी. चौथ्यापाशी बोट थांबलं, पुन्हा खालून वर फिरलं.

"हा लोणीचा. काप."

"एकच तर आहे हो!"

"कुजक्या बुंध्यावर किती तगेल? याच्या पानांच्या बेचक्यातले डोळे काढ आणि तुझ्या त्या रानटी झाडावर भर. मुळं तरी तू चांगली पोसलीस."

तीन डोळे निघाले, प्रत्येकाला कापलेल्या पानाचा देठ तसाच ठेवून. तिनं ते सालीत बसवून पट्टीनं बांधले. माती लावली नाही.

"पंधरा दिवसांनी देठाला बोट लाव," सासरे म्हणाले. "गळला तर डोळा जगला. चिकटून बसला तर गेला."

सोळाव्या सकाळी दोघं झाडापाशी गेली. पहिला देठ चिकटलेला. दुसराही. सुनेनं डोळे मिटले आणि तिसऱ्याला बोट लावलं.

तो अलगद तिच्या तळहातावर पडला. तिनं सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि त्यात तो ठेवला.